कार्ब्युरेटरमधला अक्षतेचा दाणा

गेल्या महिन्यात माझ्या मित्राचा गिरगावातून फोन आला. प्रकृतीची चौकशी त्याने केली नाही.

"ती चालू होते का रे अजून?"

"कोण?"

"कोण काय? तुझ्या घरात दुसरी आहे कोण?"

पत्नीला जाऊन सहा वर्षे झाली. मुलगा डोंबिवलीला असतो. लालबागच्या चाळीत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत मी आणि एक मोटरसायकल, एवढेच राहतो. ती झेकोस्लोव्हाकियात तयार झाली. तो देश आता नाही. अडीचशे सी.सी.चे टू-स्ट्रोक इंजिन. दिवा नाही, हॉर्न नाही, नंबरची पाटी नाही. रस्त्यासाठी ती केलेलीच नव्हती. माळावर, चढउतारांवर, चिखलात शर्यतीत पळवण्यासाठी केलेली. अशा शर्यतीला मोटोक्रॉस म्हणतात. माझा मित्र त्या शर्यतींत ती चालवीत असे आणि मी ती दुरुस्त ठेवीत असे.

"चालू करता येईल," मी म्हणालो.

"मग कर. एकदा ऐकायची आहे मला. आणि एकदा बसायचं आहे तिच्यावर. मूठ पिळायची आणि सोडायची, बस्स. पुढच्या महिन्यात डॉक्टर खुबा बदलणार आहेत. त्याच्या आधी."

"खुब्याचा आणि मुठीचा काय संबंध?"

"संबंध तुला माहीत आहे." तो नेहमीसारखा हसला. "हात बावचळला होता ना माझा? बघू दे, सुधारला का."

फोन ठेवल्यावर मी खुर्चीत बसलो, लगेच उठलो, पाणी प्यायलो आणि पुन्हा बसलो. त्या दिवशी एका जागी दहा मिनिटे बसणे मला जमले नाही. त्यानंतरच्या दिवसांतही जमले नाही.

मला जे ठाऊक होते आणि त्याला नव्हते, ते आरंभीच लिहितो. वाचणाऱ्याला ताटकळत ठेवण्यात मला रस नाही. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी एका रविवारी, शर्यतीत, उताराच्या तोंडाशी त्या मोटरसायकलची वेगाची मूठ सोडल्यावर परत आली नाही. इंजिन पूर्ण वेगावर राहिले. मित्र बांधावरून खाली फेकला गेला आणि त्याची मांडी दोन ठिकाणी मोडली. पाहणारे म्हणाले, घाबरून त्याने मूठ सोडण्याऐवजी पिळली. पुढे तोही तेच म्हणू लागला. तिसऱ्या दिवशी मी इंजिनाला हवा-पेट्रोल पुरवणारा कार्ब्युरेटर उघडला. आत तांदळाचा अर्धा दाणा होता, कुंकवाने लाल झालेला. पूजेची अक्षत. ती तिथे कशी गेली हे मला माहीत होते. मी कोणालाही सांगितले नाही.

आता तो येणार होता, त्याच गाडीवर बसणार होता आणि स्वतःच्या हाताची परीक्षा घेणार होता. सांगायचे तर त्याच वेळी. नाहीतर मग कधीच नाही, हे मला स्पष्ट दिसत होते.

ती गाडी मुंबईत आली मागाच्या पेटीतून. परळच्या ज्या गिरणीत मी वर्कशॉपमध्ये फिटर होतो, तिथे युरोपातून नवे माग आले आणि ते उभे करण्यासाठी एक झेक इंजिनियर आला. उंच, अबोल, जेवणात फक्त केळी आणि पाव खाणारा. मागांच्या सुट्या भागांबरोबर एका लाकडी पेटीत त्याने स्वतःची मोटरसायकल घातली होती. कस्टमच्या कागदावर तिची नोंद काय म्हणून झाली, हे मी विचारले नाही. रविवारी तो ती टेम्पोत घालून ठाण्यापलीकडच्या माळावर नेई. मला बरोबर घेई, कारण कुठला पाना हवा हे मला सांगावे लागत नसे. आम्हा दोघांना मिळून चाळीसेक इंग्रजी शब्द येत असतील. ते पुरले.

तिच्या डाव्या अंगाला एकच दांडा आहे. गिअरही त्यानेच पडतो, आणि तोच आत दाबून वर फिरवला की किक होते. दोन कामांसाठी दोन दांडे कशाला, असा विचार करणाऱ्या माणसांनी बनवलेली ती वस्तू होती. टाकी अॅल्युमिनियमची, गुडघ्यांनी घासून तिच्यावर दोन धूसर चंद्र उमटलेले. सायलेन्सर फुगीर, ससा गिळून पडलेल्या अजगरासारखा. इंजिनाला वेगळे तेल नसते. पेट्रोलमध्येच ते कालवावे लागते. तेल कमी पडले तर पिस्टन जागच्या जागी धरतो, जास्त झाले तर प्लग काळा पडतो. प्रमाण आपल्या हाताला कळावे लागते. शर्यतीच्या तेलात त्या काळी एरंडेल असे. आमच्या पिढीला एरंडेल म्हणजे रविवारी सकाळी नाक दाबून गिळायचा चमचा. तेच एरंडेल जळून निळसर धुरातून बाहेर आले की जो गोडसर वास सुटतो, त्यासाठी मी आयुष्यातले बरेच रविवार घराबाहेर काढले.

दीड वर्षाने माग नीट चालू लागले आणि तो माणूस परत गेला. जाताना मोटरसायकल ठेवून गेला. गिरणीच्या स्टोअरला ती नको होती, कारण त्यांच्या वहीत ती नव्हतीच. तिच्याकडे बोट दाखवून तो मला म्हणाला, "ऑइल." थोडे थांबून पुन्हा म्हणाला, "ऑइल." एवढाच निरोप.

मित्र मला त्या माळावरच भेटला होता. विमा कार्यालयात कारकून, खोताच्या वाडीमागच्या गल्लीत आईवडिलांबरोबर राहणारा, शनिवारपर्यंत फायली आणि रविवारी चिखल. वजन बावन्न किलो. फोर्टच्या पदपथावरून तो जुनी परदेशी मासिके आणी. त्यांत स्वीडिश, जर्मन, स्पॅनिश गाड्यांची चित्रे असत. हवेत उडालेल्या, चाकांवरून मातीची शेपटी सुटलेल्या. भाषा वाचता येत नसे. चित्रे पाहून इंजिनाच्या आत काय असेल याचे अंदाज आम्ही बांधत असू. बहुतेक चुकत. पुढे जपानी गाड्या आल्या, हलक्या, विश्वासू, कोणाच्याही हातात नीट वागणाऱ्या. त्यांना मी नावे ठेवत नाही. पण माणूस कोण आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. ह्या गाडीला होते. धसमुसळ्या माणसाला ती पहिल्याच वळणावर खाली ठेवी.

मित्राची मूठ फार हलकी होती. चढावर तो उभा राही, गुडघे सैल, कोपरे बाहेर, आणि आवाज असा चढत जाई की त्यात कुठे सांधा दिसू नये. इतका हलका हात मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही. त्या वर्षी डिसेंबरात मद्रासच्या शर्यतीसाठी त्याची निवड झाली होती. हे महत्त्वाचे आहे म्हणून लिहिले.

आता खंडेनवमीविषयी.

गिरणीत त्या दिवशी माग बंद ठेवून त्यांची पूजा होई. घरातही हत्यारे पुसून पाटावर मांडत. माझे पाने, ब्लेडची करवत, कानशी, सगळे आईने पाटावर मांडले होते. मग तिची नजर मोटरसायकलीवर गेली. दसऱ्यानंतरच्या रविवारी शर्यत होती, म्हणून एअर फिल्टर पेट्रोलमध्ये धुऊन मी दोरीवर वाळत टाकला होता. फिल्टर काढला की कार्ब्युरेटरचे तोंड उघडे राहते. त्यात स्वच्छ फडक्याचा बोळा कोंबून ठेवायचा, हा माझा नियम होता आणि बोळा कोंबलेला होता.

"ह्या काय?" आई म्हणाली. "तोंडात बोळो कोंबून खयच्या देवाची पूजा करतत रे? काढ तो आधी."

"आई, आत कचरा जाईल."

"हळदकुंकू म्हणजे कचरो? गिरणीत ह्याच शिकवतत तुका?"

मी बोळा काढला. तिने टाकीवर, हँडलवर, इंजिनावर हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली, आणि मूठभर अक्षता टाकल्या. आई अक्षता टाके ती लग्नातल्यासारखी, लांबून आणि जोरात. पूजा झाल्यावर मी टाकी पुसली, बैठक झटकली, इंजिनाच्या फासळ्यांमध्ये अडकलेला एकेक दाणा ब्रशने काढला. कार्ब्युरेटरच्या तोंडात टॉर्च धरून पाहिले नाही. आई बाजूला हात जोडून उभी होती. तिच्यादेखत तिच्या अक्षता कचऱ्यासारख्या शोधत बसणे मला बरे वाटले नाही. फिल्टर वाळला, मी तो बसवला.

शर्यतीत मी उताराच्या पायथ्याशी उभा होतो. तिथून गाडी दिसण्याआधी ऐकू येते. उताराच्या तोंडाशी तो मूठ सोडी आणि आवाज एकदम खाली पडे. मग गाडी दिसे. तिसऱ्या फेरीला आवाज पडला नाही. ती दिसण्याआधीच मला कळले होते.

फिल्टरच्या रबरी नळीच्या घडीत कुठेतरी तो दाणा बसून राहिला असावा, आणि आदळआपट होता होता सुटला असावा. कार्ब्युरेटरमध्ये एक झडप वरखाली सरकते. मूठ पिळली की ती वर जाते, सोडली की स्प्रिंगने खाली येते. झडप पूर्ण वर असताना दाणा तिच्या खोबणीत शिरला, आणि ती खाली आली नाही. इतके साधे.

चौथ्या दिवशी मी परळच्या रुग्णालयात गेलो तो हे सांगण्यासाठीच. आई डबा घेऊन बरोबर आली. मित्राचा पाय वजन लावून टांगलेला होता. आईने त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"गाडयेची पूजा केललंय, म्हणान वाचलंस रे झिला."

तो माझ्याकडे पाहून हसला. "हात बावचळला रे," तो म्हणाला. "कसा काय, कळत नाही. पण बावचळला."

मी डबा उघडून दिला.

आई त्यानंतर बारा वर्षे होती. तो लंगडत यायचा, तिच्या पाया पडायचा, तिच्या हातचे घावणे खायचा. ती असेपर्यंत माझ्यापाशी कारण होते. ती गेल्यावर कारण गेले आणि सवय राहिली. दरवर्षी दसऱ्याला सोने द्यायला तो येई, गाडीच्या टाकीवर थाप मारी आणि हाताविषयीचा तोच विनोद करी. मीही हसत असे. मद्रासला तो गेला नाही. पुढे कुठल्याच दुचाकीवर पुढे बसला नाही. बसने कार्यालयात जाऊन बसनेच निवृत्त झाला.

तो आठ दिवसांनी येणार असे फोनवर ठरले होते. काम चार दिवसांचे होते. उरलेले चार मी चालण्यात घालवले. सकाळी काळाचौकीच्या बाजूने निघायचे, परळला वळसा घालायचा, दादरपर्यंत जायचे आणि परत. गुडघे तक्रार करीत होते. त्यांना थांबवायचे तर बसावे लागले असते. चालताना मी वाक्ये जुळवीत होतो. "तुझा हात बावचळला नव्हता," हे पहिले वाक्य. ते बरे होते. दुसरे जमत नव्हते. कुठलेही घेतले तरी त्यात "मी" येत होता, आणि लगेच "आई" येत होती, आणि आई आली की मला स्वतःचा आवाज खोटा वाटत होता. दादरच्या फुलबाजारात एका बाईने मला विचारले, "आजोबा, काय पाहिजे?" मी मोठ्याने बोलत होतो, हे तेव्हा कळले.

गाडीचे म्हणाल तर टाकीखालची रबरी नळी चिवड्यासारखी चुरली. ती बदलली. हल्लीच्या पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळलेले असते आणि जुन्या रबराला ते खाते. बाटलीत पेट्रोल पंपावर देत नाहीत, म्हणून मुलगा रविवारी आला तेव्हा त्याच्या गाडीतून काढून घेतले. लोणच्याच्या काचेच्या मोठ्या बरणीत ते ओतले, त्यात पाणी घातले, हलवले आणि अंगणात ठेवून दिले. अल्कोहोल पाण्यात उतरते आणि तळाशी गढूळ थर बसतो. वरचे पेट्रोल नळीने अलगद काढून घ्यायचे.

"बाबा, ह्या वयात कसले उद्योग?" मुलगा म्हणाला. "त्यांना मोबाइलवर आवाज ऐकवा ना. हजार व्हिडिओ आहेत."

"त्यांना हीच ऐकायची आहे."

दादरच्या दुकानातून साधे टू-स्ट्रोक तेल आणले. त्यात इथल्या काष्ठौषधींच्या दुकानातले एरंडेल दोन चमचे घातले. इंजिनाला त्याची गरज नव्हती.

कार्ब्युरेटर उघडून साफ केला आणि टॉर्च लावून आत पाहिले. बंद केला. पुन्हा उघडून पाहिले. त्या आठवड्यात असे किती वेळा केले ते मोजले नाही. आदल्या दिवशी दुपारी अंगणात काढून चालू केली. पाचव्या किकला आवाज फुटला आणि धुराचा ढग पहिल्या मजल्यापर्यंत गेला. वरून एक बाई ओरडली, "खिडक्या लावा गं, मच्छरवाले आले!" समोरच्या पानवाल्याने विचारले, "काका, गिरणीचा भोंगा परत चालू झाला काय?" चार माणसे जमली. मूठ पिळून सोडली. परत आली. दहा वेळा पिळली, दहा वेळा आली. मी ती बंद केली आणि माणसांना घरी जायला सांगितले.

ठरल्या दिवशी अकराच्या सुमारास टॅक्सी फाटकाशी थांबली. मित्राची मुलगी त्याला घेऊन आली. चाळिशीची आहे, शाळेत शिकवते, बोलताना बापासारखी मान कलती करते. तो काठी टेकत उतरला. गाडी मी स्टँडवर लावून ठेवली होती.

"म्हातारी झाली नाही रे ही," तो म्हणाला. "आपणच झालो."

"काका, तुम्ही त्यांना सांगा, बसायचं नाही," मुलगी म्हणाली. "मला म्हणाले फक्त ऐकणार."

"मी काय पळवणार आहे का? गिअरमध्ये नाही, स्टँडवर आहे. चल, हात दे."

आम्ही दोघांनी त्याला बसवले. पाय पलीकडे टाकताना त्याने दात आवळले. बसल्यावर मात्र त्याची पाठ आपोआप पुढे झुकली, कोपरे बाहेर गेली. मी किक मारली. तिसऱ्या किकला इंजिन चालू झाले. अंगण धुराने भरले, एरंडेलाचा वास आला, आणि त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी कार्ब्युरेटरकडे पाहात राहिलो.

त्याने मूठ पिळली. आवाज चढला. कानाला सांधा लागला नाही. मग त्याने ती सोडली आणि आवाज सरळ खाली आला. पुन्हा पिळली, पुन्हा सोडली. तो मोठ्याने हसू लागला.

"आली! बघितलंस? गाडी शहाणी आहे. माणूसच गाढव. आली की नाही परत?"

मी इंजिन बंद केले.

"अरे, चालू दे की!"

"तुझा हात बावचळला नव्हता," मी म्हणालो.

"हो का? आता खुबा बदलायच्या आधी समजूत काढतोस होय माझी?"

"समजूत काढत नाही. कार्ब्युरेटरमध्ये तांदळाचा दाणा अडकला होता. पूजेचा. मूठ तू सोडली होतीस. झडप खाली आली नाही."

तो हसतच होता. ते हसू थांबायला थोडा वेळ लागला.

"तुला कधी कळलं?"

"तिसऱ्या दिवशी."

"कुठल्या तिसऱ्या दिवशी?"

"तू पडलास त्यानंतरच्या."

मुलगी म्हणाली, "काका, म्हणजे तुम्हाला इतकी वर्षं..."

त्याने दोन्ही हात टाकीवर ठेवले होते. "उघड," तो म्हणाला.

"गरम आहे."

"उघड म्हटलं ना."

मी फिल्टर काढला. कार्ब्युरेटरचे तोंड उघडे पडले. दाणा कुठे होता, झडप कुठे होती, ते बोटाने दाखवले. त्याने वाकून पाहिले. मग मुलीला म्हणाला, "आत जा. ह्याच्या घरात तांदूळ असतील. आण."

"बाबा, कशाला आता?"

"आण तू."

"ओट्याखाली पितळी डबा आहे," मी सांगितले.

ती मूठभर घेऊन आली. त्याने मूठ पूर्ण पिळून धरली. "टाक," तो मला म्हणाला.

उघड्या कार्ब्युरेटरमध्ये तांदूळ टाकणे मी दुसऱ्या कोणालाही करू दिले नसते. इथे मीच टाकत होतो. पहिला दाणा सरळ आत घरंगळला. मूठ सोडली, परत आली. "टाक." दुसरा झडपेखाली चिरडला गेला. "टाक." पुढचा दाणा तोंडाशीच पडला, तो पुन्हा उचलावा लागला. मित्र मूठ धरून वाट पाहात राहिला. असे सहा-सात दाणे गेले. मग एक खोबणीत शिरला. त्याने मूठ सोडली आणि ती अर्ध्यावर आली, तिथेच थांबली.

त्याने हात उचलून हवेत धरला. मूठ हलली नाही. मग त्याने ती हाताने मागे फिरवली. मुठीपासून झडपेला जाणारी तार सैल पडली, झडप वरच राहिली.

"तू बघ," तो मुलीला म्हणाला.

तिने दोन्ही हातांनी फिरवून पाहिली. "बाबा, हे कोणाच्यानेच होणार नाही."

"होणार नाही ना?"

"नाही."

"मी तुला स्कूटर घेऊ दिली नव्हती," तो तिला म्हणाला. "आठवतं? काय म्हणालो होतो?"

"आपल्या घराण्याचे हात घाबरट आहेत म्हणाला होतात." ती माझ्याकडे पाहात नव्हती. "जाऊ दे ना, बाबा. मला तशीही नको होती."

"हवी होती. रडली होतीस."

समोरचा पानवाला हात पुसत फाटकापर्यंत आला, आमचे चेहरे पाहिले आणि परत फिरला.

"का नाही सांगितलंस?" मित्राने विचारले. आवाज चढलेला नव्हता. पाना कुठे आहे असे विचारावे तसा होता.

"आई होती. तिने टाकल्या होत्या अक्षता. तिला ते सहन झाले नसते."

"आई जाऊन किती वर्षं झाली?"

मी सांगितले.

"मग?"

 "मग काही नाही," मी म्हणालो.

उतरताना त्याने माझा हात घेतला नाही. मुलीच्या खांद्यावर भार टाकून उतरला. काठी घेतली. टॅक्सी थांबवून ठेवलेली होती, तिथपर्यंत मी दोन पावले मागे राहून गेलो. आत बसल्यावर त्याने काच खाली केली.

"तुझ्या आईला तू सांगितलं असतंस ना," तो म्हणाला, "तर तिने मला सांगितलं असतं."

टॅक्सी गेली. मी फाटकाशी उभा राहिलो, मग अंगणात आलो, मग पुन्हा फाटकाशी गेलो. त्याचे म्हणणे खरे होते. चाळीस वर्षांत ते मला सुचले नव्हते. कळल्यावर ती घरात क्षणभर बसली नसती. पदर खोचून रुग्णालयात गेली असती, त्याच्या खाटेशी उभी राहिली असती आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली असती, माझ्या हातान झाला ह्या, ह्या पोराचो हात शाबूत आसा. मग घरी येऊन मला चार शब्द सुनावले असते. तो मद्रासला गेला नसताच. मांडी मोडली होती. पण पुढच्या वर्षी, किंवा त्याच्या पुढच्या वर्षी, तो त्या गाडीवर बसला असता.

ऑपरेशन मंगळवारी आहे. मुलीचा निरोप आला, भेटायला या असा. त्याने बोलावले आहे, असे त्यात म्हटलेले नाही. मी जाणार आहे. काय बोलायचे ते ह्या वेळी जुळवीत बसलेलो नाही.